२४ वस्तूंचं होस्टेल किट, त्यातल्या कामाच्या चार

कंपनीचे आतापर्यंत तीन मेसेज आले, ‘तुमचा अनुभव आम्हाला कळवा’ म्हणून, तर घ्या, कळवतो. पाचपैकी अडीच स्टार. वरचा अर्धा कशाचा ते शेवटी सांगतो.

आधी थोडं मागचं. २०२१ साल, लेक युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच घराबाहेर राहणार. आदल्या वर्षी ११ मार्चला डब्ल्यूएचओने कोविडला महामारी म्हणून जाहीर केलं तेव्हापासून पोरगी घरात, शाळेचं शेवटचं वर्ष बेडरूममधल्या टेबलाशी बसून संपवलं, निरोप समारंभ सुद्धा स्क्रीनवर, आणि आता एकदम शेकडो पोरांच्या बिल्डिंगमध्ये, बाथरूम कॉमन, मेस कॉमन, अर्धी लेक्चर वर्गात आणि अर्धी ऑनलाइन. दीड वर्ष जिला आपण दारातून बाहेर पाऊल टाकू दिलं नाही तिला आता स्वतः गाडीत बसवून सोडून यायचं. बापाचं डोकं अशा वेळी काय करतं, तर रात्री एक वाजता मोबाईलवर खरेदी करतं. ‘होस्टेलला निघालेल्या तुमच्या मुलांसाठी संपूर्ण सुरक्षा, २४ वस्तू’ असं लिहिलेलं दिसलं, फोटोत हसरी आई, हसरा मुलगा, मधे निळी बॅग. दाबलं बटण.

किट आलं तेव्हा पहिली गोष्ट कळली ती म्हणजे २४ वस्तूंमधल्या १० वस्तू म्हणजे १० सुटे मास्क, एकेक करून मोजलेले. म्हणजे हिशोबाने बरोबर आहे हो, पण अशाने काड्यापेटीत पन्नास वस्तू असतात. उरलेल्या चौदात ऑक्सिमीटर, कपाळावर धरायचा थर्मामीटर, सॅनिटायझरच्या दोन बाटल्या, फेस शिल्ड, ग्लोव्हज, मोबाईल ‘निर्जंतुक’ करायची जांभळ्या लाइटची डबी, दोन अँटिजेन टेस्ट, वाइप्सचं पाकीट, दार उघडायचा पितळी हुक, वाफ घ्यायचं मशीन, इम्युनिटीच्या गोळ्या आणि एक माहितीपुस्तिका. बॅग मात्र चांगली आहे, चेन मजबूत, त्याबद्दल तक्रार नाही.

मी हे सगळं टेबलावर मांडून फोटो वगैरे काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, अंगठे आले. बायको बघत होती. ती म्हणाली, हे सगळं तू हाताळतोयस, तिने काही हातात तरी घेतलंय का? आणि मग तिनेच डोकं लढवलं. म्हणाली, शनिवारी रात्री रंगीत तालीम करू. लेकीने बॅग घेऊन आपल्या खोलीत जायचं, दार लावायचं, आपण आजारी आहोत, होस्टेलच्या खोलीत एकटे आहोत असं समजायचं आणि बॅगेतल्या वस्तूंवर भागवायचं, आम्ही बाहेर, फक्त फोन चालू. लेकीने डोळे फिरवले पण तयार झाली, नाट्यवर्गात होती ना शाळेत.

दहा मिनिटात फोन. ‘बाबा, ऑक्सिमीटर चालूच होत नाहीये.’ सेलच नाहीत. ट्रिपल ए दोन लागतात आणि २४ वस्तूंमध्ये दोन सेल नाहीत! टीव्हीच्या रिमोटमधले काढून दाराखालून सरकवले. (दाराखालून सेल जात नाहीत हेही कळलं, शेवटी दार उघडून दिले, तिथेच आमचं आयसोलेशन मोडलं.) मग थर्मामीटर. ‘बाबा, मला ३३.८ आहे.’ आता ३३.८ म्हणजे माणूस गारठून हॉस्पिटलात हवा आणि ही समोर बसून हसतेय. अर्धा तास आम्ही तिघं त्या पिस्तुलाशी झटलो. भिंत ३०, मांजर ३४, बायकोचं कपाळ ३३.६. मग लेकीनेच शोधलं की बाजूला एक बारकं बटण आहे, ‘बॉडी’ आणि ‘सरफेस’ असे दोन मोड आहेत आणि ते सरफेसवर होतं, म्हणजे ते फक्त कातडीच्या वरचं तापमान सांगत होतं, शरीराचं नाही. बॉडीवर टाकल्यावर ३६.७. हे बटण बॅगेत नुसतं दाबलं गेलं तरी बदलतं. पुस्तिकेत याबद्दल एक ओळ नाही. विचार करा, खरा ताप ३८.५ असता आणि ते यंत्र ३५ दाखवत बसलं असतं तर पोरगी ‘ताप नाहीये’ म्हणून लेक्चरला गेली असती, शेजारी बसणाऱ्यांना पण प्रसाद. आम्ही त्या बटणावर सेलोटेप लावली. ३८ च्या वर म्हणजे ताप, फॅरनहाइटमध्ये १००.४, हे टेपवर पेनाने लिहिलं. टेप लावल्यानंतर थर्मामीटर उत्तम, फक्त उन्हातून किंवा घामेजून आल्या आल्या धरायचा नाही, थोडं थांबायचं.

त्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे किट ज्याने कोणी भरलंय त्याने माझ्यासारखा रात्री एक वाजता घाबरलेला बाप डोळ्यासमोर ठेवलाय, खोलीत अंग तापलेलं असताना पहाटे अडीचला बॅगेची चेन उघडणारी पोरगी नाही. बापाला भरपूर वस्तू दिसल्या पाहिजेत. पोरीला कमी वस्तू हव्यात आणि त्या झोपेतसुद्धा चालवता आल्या पाहिजेत. मग मी प्रत्येक वस्तूला हीच परीक्षा लावली, त्यात निम्मं किट घरीच राहिलं.

जांभळी डबी आधी काढली. मोबाईल आत ठेवा, तीन मिनिटात ९९.९ टक्के जंतू खलास म्हणे. जंतू मारणारा जो अल्ट्राव्हायोलेट असतो, यूव्ही-सी, त्याच्या नेहमीच्या पाऱ्याच्या दिव्याची तरंगलांबी २५४ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि तो किरण डोळ्याला दिसत नाही. आपल्याला दिसतो तो जांभळा उजेड वेगळाच. या डबीवर नॅनोमीटरचा आकडाच नाही, नुसता लग्नाच्या हॉलसारखा जांभळा प्रकाश. आणि मुळात गरज किती? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने एप्रिल २०२१ मध्येच सांगितलं होतं की विषाणू लागलेल्या वस्तूला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारात एकापेक्षा कमी आहे. आपण सगळ्यांनी २०२० मध्ये किराणा धुतलाय, मी तर वर्तमानपत्राला इस्त्री केलीय, तेव्हा हसत नाही कुणाला, पण २०२१ मध्ये विकायच्या किटमध्ये ही डबी आणि तो पितळी हुक कशाला? त्या जागी खिडकी उघडी ठेवा एवढी चिठ्ठी टाकली असती तर जास्त उपयोग झाला असता, कारण भानगड हवेतली आहे.

वाफेचं मशीन होस्टेलच्या नियमातच बसत नव्हतं, खोलीत गरम होणारी उपकरणं चालणार नाहीत असं प्रवेशाच्या कागदात स्पष्ट लिहिलेलं. वाफेने विषाणू मरतही नाही, पोळायची भीती मात्र खरी. बाद. इम्युनिटीच्या गोळ्या म्हणजे झिंक आणि व्हिटॅमिन सी. यावर क्लीव्हलँड क्लिनिकने घरी राहून बरे होणाऱ्या २१४ पेशंटवर ट्रायल केली होती, फेब्रुवारी २०२१ मध्ये छापून आली, या दोन्हींच्या मोठ्या डोसने लक्षणं लवकर कमी झाल्याचं काही दिसलं नाही. बाद. फेस शिल्ड घालून कुठली अठरा वर्षांची मुलगी कॅम्पसवर फिरणारे सांगा मला.

मास्कबद्दल मात्र राग आहे. पाकिटावर ठळक ‘एन-९५’. एन-९५ हे नाव अमेरिकेच्या निऑश या संस्थेच्या मान्यतेशी जोडलेलं आहे, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत, आणि त्यांच्या मान्यतेच्या मास्कला डोक्यामागून जाणारे दोन पट्टे असतात. कानात अडकवायचे लूप असतील आणि वर एन-९५ लिहिलं असेल तर तिथेच संशय घ्यायचा. आमच्या दहाही मास्कला लूप, मान्यतेचा नंबर कुठेच नाही, आणि त्यातल्या चारांना पुढे प्लास्टिकचा व्हॉल्व. व्हॉल्वमधून आपला उच्छ्वास न गाळता बाहेर जातो, म्हणजे आपल्याला कोविड असेल तर समोरच्याला पूर्ण संरक्षण नाही. होस्टेलसाठीच्या किटमध्ये व्हॉल्वचे मास्क! लेकीने एक लावून बघितला तर नाकाशेजारी फट, चष्म्यावर वाफ. चष्म्यावर वाफ आली की समजायचं वरून हवा गळतेय, तेव्हा मास्कचा नंबर काही का असेना. शेवटी तिच्या चेहऱ्याला बसतील असे दुसरे आणले, चार प्रकार लावून बघून, नाकाच्या तारेवर बोटं दाबून. या कामात अख्खी दुपार गेली आणि खरं सांगू का, सगळ्या तयारीतली तीच दुपार सगळ्यात सत्कारणी लागली असं मला वाटतं.

सॅनिटायझरवर ‘अल्कोहोल बेस्ड’ लिहिलंय, किती टक्के ते नाही. कमीत कमी ६० टक्के हवं. वासावरून तर मला अत्तरच जास्त वाटलं. ते घरी दाराशी ठेवलं, पोरीला साबणाच्या दोन वड्या दिल्या, २० सेकंद हात धू म्हणालो तर म्हणते बाबा, दीड वर्ष हेच ऐकतेय.

आता ऑक्सिमीटर. याला मी पूर्ण मार्क देतो, वस्तू म्हणून. छोटा, हलका, आकडे लाल आणि मोठे, घरच्या जुन्याशी लावून बघितला तर एका आकड्याचा फरक. हे यंत्र बोटातून दोन प्रकारचा उजेड टाकतं, एक लाल आणि एक इन्फ्रारेड, आणि कुठला किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज काढतं. यामागची कल्पना ताकुओ आओयागी नावाच्या जपानी इंजिनियरची, १९७४ ची, आणि हा माणूस गेला १८ एप्रिल २०२० ला, म्हणजे जगभर लोक त्याचं यंत्र बोटाला लावून बसायला लागले होते नेमक्या त्या दिवसात. मला हे वाचून उगाच वाईट वाटलं. कोविडमध्ये ऑक्सिजन कमी होऊनही काहींना दम लागल्याचं जाणवत नाही म्हणून याचं महत्त्व. पण वापरायचं कसं ते सांगायला नको का? बोट गार असेल तर आकडा चुकतो, हात हलला तर चुकतो, गडद नेलपॉलिश असेल तर चुकतो (आमच्या लेकीचं काळं!), लावल्या लावल्या पहिला दिसेल तो आकडा धरायचा नाही, स्थिर होऊ द्यायचा. त्वचेच्या रंगाचाही फरक पडतो, डिसेंबर २०२० च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या अभ्यासात यंत्र ठीक सांगतंय पण रक्तात ऑक्सिजन खरा कमी आहे असा प्रकार कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट सापडला होता. पुस्तिकेत यातलं काही नाही. ‘९५ ते १०० नॉर्मल’ एवढं लिहून सुटले.

आणि पुस्तिकेत आणखी एक गोष्ट नव्हती, ती आम्हाला तालमीत पण सुचली नाही.

तिसऱ्या आठवड्यात फोन आला, घसा दुखतोय, अंग दुखतंय. दोन्ही डोस झालेले, तरी. किटमधली पहिली टेस्ट तिने त्याच संध्याकाळी केली, निगेटिव्ह. मी खूश. बायको खूश नाही, ती म्हणाली अँटिजेन टेस्ट पहिल्या दिवशी चुकवू शकते, दुसरी परवा कर आणि तोपर्यंत खोलीतच बस. तिसऱ्या दिवशी दुसरी टेस्ट, दोन रेघा. दोन टेस्ट दिल्याबद्दल कंपनीचे आभार मानतो मनापासून, एकच असती तर पोरगी निगेटिव्ह समजून मेसमध्ये फिरली असती. फक्त त्यांची एक्स्पायरी दोन महिन्यांवर आलेली होती, म्हणजे जुना माल खपवलाय हे उघड आहे. यावर मी कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं, ‘तुमच्या पुढच्या किटवर १० टक्के सूट’. पुढचं किट कशाला, एकच पोरगी आहे.

तिला होस्टेलच्या वेगळ्या मजल्यावर हलवलं, दहा दिवस, डबा दाराबाहेर ठेवून जायचे. दुसऱ्या रात्री ताप ३८.९. मी तिला सांगितलं होतं, दर चार तासांनी ऑक्सिमीटरचा फोटो पाठव. पहाटे अडीचला फोटो आला. वरचा आकडा ८८, खालचा ८६. खोलीत अंधार, फोटो हललेला, बाजूची बारीक अक्षरं दिसत नाहीत, फक्त लाल आकडे, ऑक्सिजनचा कुठला आणि नाडीचा कुठला ते कळेना. ८६! मी उठून शर्ट घालायला लागलो, गाडीची किल्ली कुठेय, वॉर्डनला फोन लावला, हेल्थ सेंटरला लावला, बायकोला उठवलं, आणि लेकीला फोन लावला तर ती म्हणते, ‘काय झालं बाबा, मी झोपत होते.’ मी म्हणालो दम लागतोय का, ओठ बघ, निळे झालेत का. ती म्हणाली, नाही रे बाबा, ९८ आहे. मी म्हणालो ८६ आहे, मला दिसतंय. शेवटी बायकोने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि उलटा धरला.

९८. नाडी ८८.

त्या लाल डिजिटल इंग्रजी आकड्यांमध्ये ९८ उलटं केलं की ८६ होतं. आणि ८८ उलटं केलं तरी ८८ च, त्यामुळे संशय यायलाही जागा नाही. ती झोपून हात वर करून फोटो काढत होती, एवढंच. कागदावर लिहून बघा, विश्वास बसणार नाही. वॉर्डनचा पाच मिनिटांत परत फोन आला, बिचारा धावत वर चालला होता, त्याची माफी मागितली. मी नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसलो थोडा वेळ, ते बायकोला अजून माहीत नाही, आता कळेल.

बाकीचे दिवस तसे शांत गेले. वास गेला होता तो दोन आठवड्यांनी हळूहळू आला. पुस्तिकेत ‘मानसिक आरोग्य’ म्हणून एक पान आहे, त्यावर ‘सकारात्मक राहा’ आणि सूर्यफुलाचं चित्र. त्या दहा दिवसात आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग झाला तर. संध्याकाळी सात ते नऊ लॅपटॉपवर कॉल चालू ठेवायचो आणि बोलायचो नाही. ती तिथे पडलेली किंवा नोट्स काढतेय, आम्ही इकडे भांडी, टीव्ही, भांडणं, जे रोजचं असेल ते. मधेच कॉल तुटला तर परत लावायचो. एकदा ती मधेच म्हणाली, ‘आई, कुकरच्या शिट्ट्या मोजल्यास का?’ तेव्हा कळलं की ऐकतेय.

तर आता विकत घेऊ का विचाराल, तर अख्खं किट नका घेऊ. ऑक्सिमीटर, थर्मामीटर आणि दोन टेस्ट सुट्या घ्या, बेरीज किटच्या निम्म्यातही जाणार नाही. सोबत सेल, सेलोटेप, चेहऱ्याला बसणारे मास्क आणि पॅरासिटामॉल, जे या २४ मध्ये नाही, बोला आता! पॅरासिटामॉल देताना एवढं मात्र शिकवा की सर्दीच्या तयार गोळ्यांत पण तेच असतं, दोन्ही मिळून मोठ्या माणसाला २४ तासात ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. आणि तालीम करा, लाजू नका. तालमीत फोटो पण काढायला लावा.

राहिला अर्धा स्टार. तो पुस्तिकेच्या शेवटच्या दोन पानांना, ज्यांच्यावर कंपनीने काहीच छापलेलं नाही, वर फक्त ‘नोंदी’ आणि खाली रेघा. सुट्टीत लेक घरी आली तेव्हा बॅग मी रिकामी केली, त्यात ती पुस्तिका होती. पहिल्या पानावर हेल्थ सेंटरचा नंबर, वॉर्डनचा नंबर, मग तारीख, वेळ, ताप, ऑक्सिजन, बारीक अक्षरात दहा दिवस. दुसऱ्या रात्रीपर्यंत सगळं आकड्यात आहे. त्यानंतर ऑक्सिजनच्या रकान्यात अक्षरी लिहिलंय, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, आणि समासात बाण काढून, ‘बाबासाठी’.